लॅपटॉपचं झाकण चिकट, पामरेस्ट चकचकीत : पॅनेल न बदलता काही होईल का?

चरईकर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात चरईत राहते, घरून हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. माझा जुना लॅपटॉप भाचीला द्यायचाय. १४ इंची, काळा, कंपन्या ऑफिसात वापरतात त्या जातीचा; मी तो रिफर्बिश्ड घेतला होता. भाची ऐरोलीला डिप्लोमाला लागलीय. मशीन आतून ठणठणीत आहे. रॅम वाढवून घेतली, एसएसडी टाकली, तिचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं. बाहेरून मात्र पार रया गेलीय.

झाकणावर रबरासारखं मऊ कोटिंग होतं. गेल्या पावसाळ्यापासून ते चिकट व्हायला लागलं. आता हात लावला की बोटांचे ठसे उमटतात. केस, धूळ, पिशवीतले धागे सगळं त्यावर येऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं होतं आणि चिकटपणा तसाच. पामरेस्टवर, म्हणजे मनगट टेकतो तिथे, दोन्ही बाजूंना चकचकीत पट्टे पडलेत, उजवीकडे जास्त. स्पेसबारवर आणि काही अक्षरांच्या बटणांवरही तशीच चमक. झाकणाच्या एका कोपऱ्यावर पांढरट ओरखडे आहेत. आणि आधीच्या कंपनीचा मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर काढला, त्याचा डिंक राहिलाय.

स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, टॉप पॅनेल आणि टचपॅड पॅनेल दोन्ही बदला. नवे येत नाहीत, दुसऱ्या मशीनचे काढून लावू. दुसऱ्याने वापरून झिजवलेलेच पॅनेल विकत घ्यायचे असतील तर माझे काय वाईट?

नव्यासारखा दिसावा असा हट्ट नाही. पोरीने वर्गात बाहेर काढला तर हाताला काही लागू नये आणि तिला ओशाळं वाटू नये, एवढंच. घरात प्रत्येक जण वेगळं सांगतोय : थिनर, टूथपेस्ट, गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश. कशाने नेमकं काय होतं हे माहीत असलेलं कुणी आहे का इथे?

वाशीकर

स्किन लावून टाका. मोबाइलच्या दुकानात विनाइल शीट मापाने कापून चिकटवून देतात. झाकण आणि पामरेस्ट दोन्ही झाकले जातील, अर्ध्या तासाचं काम.

कोपरीपूर्व

डिंकासाठी नेलपॉलिश रिमूव्हर वापरून बघा, एका फटक्यात जातो. आमच्या काचेच्या टेबलावरचा तसाच काढला होता.

साचेवाला

ताई, रिमूव्हर आणि थिनर दोन्ही बाटल्या आधी बाजूला ठेवा. काचेला त्याने काही होत नाही, प्लास्टिकला होतं. बहुतेक रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं आणि लॅपटॉपचं एबीएस प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये चक्क विरघळतं. पुसलेली जागा आधी लिबलिबीत होते, मग सुकून पांढरी आणि ओबडधोबड होते. रंगाच्या थिनरमध्येही याच जातीची द्रव्यं असतात. आणि स्किन चांगलीच, पण तुमच्या चिकट झाकणावर आत्ता लावली तर ती प्लास्टिकला नव्हे, त्या सडलेल्या कोटिंगला चिकटेल. कडा महिनाभरात उचलतील.

मी रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे करणाऱ्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं. टीव्हीची कॅबिनेटं, मिक्सरच्या बॉडी, चार्जरची कव्हरं. लॅपटॉपचं पॅनेल त्याच कुळातलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुम्ही ज्याला एकच ‘खराब झालंय’ म्हणताय, त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींवर एकच औषध चालत नाही.

पामरेस्टची चमक. साच्याची कॅव्हिटी, म्हणजे प्लास्टिक जिथे भरतं ती पोकळी, पॉलिश करून तशीच सोडली तर तिच्यातून भाग चकचकीत निघतो. मॅट हवा असेल तर पोलादावर मुद्दाम टेक्श्चर चढवतात, स्पार्क मशीनवर ठिणगी देऊन किंवा अ‍ॅसिडने कोरून. त्याला ठरलेले नंबर असतात. व्हीडीआय ३४०० या जर्मन मापात ३० नंबर म्हणजे सरासरी ३.१५ मायक्रॉन खडबडीतपणा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तर तुमच्या पामरेस्टचा मॅटपणा हा रंग नाही आणि वरून दिलेला थरही नाही. प्लास्टिकच्याच अंगावरचे ते इतके बारीक खळगे आहेत. उजेड त्यांच्यावर पडून सगळीकडे फाकतो म्हणून पृष्ठभाग मॅट दिसतो. खळगे गेले की उजेड सरळ परततो आणि चमक मारते.

खळगे जातात दोन तऱ्हांनी. एक तर ते भरतात : घाम, तळहाताचं तेल, क्रीम, त्यात बसलेली धूळ. नाहीतर ते झिजतात : घड्याळाचा पट्टा, बांगड्या, आणि मनगटाखाली सापडलेली बारीक कचकच वर्षानुवर्षं घासत राहते. भरलेले खळगे मोकळे करता येतात. झिजलेले परत येत नाहीत. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांना हे लगेच कळेल. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची आणि तो परत कामाला तयार. प्लास्टिकला अशी टाकी लावता येत नाही. साच्यातून निघताना जे टेक्श्चर मिळालं तेच शेवटपर्यंत.

म्हणून आधी फक्त धुवून काढा आणि मग बघा किती उरतं. माझा अनुभव असा की लोक ज्याला झीज समजतात त्यातला बराच भाग मळ असतो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ टूथब्रश त्यात बुडवून झटका, म्हणजे ब्रश ओला राहील पण गळणार नाही. छोट्या वर्तुळात हलक्या हाताने घासा, एका वेळी तळहाताएवढीच जागा, आणि लगेच मायक्रोफायबरच्या कपड्याने पुसा. कापड सपाट पृष्ठभागावरून फिरतं, खळग्यात शिरत नाही. म्हणून ब्रश हवाच. टचपॅडच्या फटीजवळ आणि बटणांच्या कडेला ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन एकदा पुसा. हे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. हाताला लावायचं सॅनिटायझर जेल त्याऐवजी वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

पूर्ण सुकल्यावर खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात बघा. जी चमक गेली ती मळाची होती. जी राहिली ती झिजेची. त्या उरलेल्या चमकेवर टूथपेस्ट, खायचा सोडा, मॅजिक स्पंज यांतलं काही घासू नका. हे सगळे बारीक पॉलिश पेपरच आहेत. आजूबाजूचं चांगलं टेक्श्चरही खाऊन टाकतील आणि पट्टा आणखी रुंद होईल. डॅशबोर्ड पॉलिश तर नकोच. त्यात सिलिकॉन असतं. चमक कमी करायची तिथे ते चमक वाढवतं, आणि त्यावर पुढे स्किन धरत नाही की रंग.

बटणांचंही हेच. अल्कोहोल जोरात घासलं तर छापलेली अक्षरं जाऊ शकतात, तेव्हा बटणं फक्त पुसा. उपटून काढायला जाऊ नका, खालच्या कात्रीसारख्या क्लिपा नाजूक असतात.

झाकणाचा चिकटपणा. तो मळ नाही, म्हणून पुसून जात नाही. ते मऊ कोटिंग म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. हवेतलं बाष्प त्यात शिरतं आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. साखळ्या तुटल्या की घट्ट रबराचा चिकट लगदा होतो. घाम आणि गरमी मिळाली की हे आणखी लवकर होतं. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. बॅगेत बंद करून ठेवलेला लॅपटॉप वापरातल्या लॅपटॉपपेक्षा लवकर चिकटतो तो याचमुळे. टाल्कम पावडर चोळली की तात्पुरतं कोरडं वाटतं, पण खाली साखळ्या तुटतच असतात. हे कोटिंग वाचवता येत नाही. ते पूर्ण काढायचं आणि खालचं प्लास्टिक मोकळं करायचं. ते बहुधा साधं, मॅट, काळं किंवा गडद करडं निघतं आणि हाताला अतिशय छान लागतं.

काढण्याची पद्धत : हातमोजे घाला, खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि स्वयंपाकघरात अजिबात नाही, कारण आयपीएची वाफ पेट घेते. आधी खालच्या बाजूच्या एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यावर कापसाच्या बोळ्याने तपासा. कोटिंग सुटतंय पण खालचं प्लास्टिक मऊ पडत नाही, अशी खात्री झाली की पुढे जा. झाकणाचा चतुर्थांश भाग घ्या, त्यावर आयपीएने ओला केलेला टिश्यू दोन-तीन मिनिटं ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने लगदा एका दिशेने सरकवून काढा. चाकू किंवा ब्लेड नको. उरलेलं जुन्या सुती बनियनच्या तुकड्यांनी. तुकडा काळा झाला की टाकून नवा घ्या, नाहीतर तोच लगदा सगळीकडे फिरतो. आयपीए थेट झाकणावर ओतू नका, कडेने आत शिरून स्क्रीनपर्यंत जाईल. आणि बिजागरीच्या, स्क्रूच्या आसपास ते साचू देऊ नका; तिथलं प्लास्टिक कायम ताणाखाली असतं आणि ताणातल्या प्लास्टिकला अल्कोहोलने बारीक चिरा पडू शकतात. कंपनीचा लोगो कोटिंगवरच छापलेला असेल तर तो जाईल, मनाची तयारी ठेवा.

कंटाळवाणं काम आहे. घाईत अर्धवट सोडलं तर ढगाळ डाग राहतात, म्हणून शेवटची पुसणी नव्या कापडाने करा.

ओरखडे आणि डिंक. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर तो पांढरा रंग भिंतीचा किंवा बॅगेच्या चेनचा लागलेला असू शकतो, आयपीएने जाईल. नख अडकलं तर ती खोच आहे, राहू द्या. डिंकावर खोबरेल तेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, बोटाने वळवून काढा, मग साबणपाणी. केसांच्या ड्रायरने डिंक थोडा कोमट केला तरी सुटतो. हीटगन मात्र नको, एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं.

पॅनेलच्या आतल्या बाजूला किंवा तळाला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. सापडलं तर इथे टाका.

चरईकर

काका, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. तळाची झडप उघडून पाहिलं. आतल्या बाजूला ‘पीसी + एबीएस – एफआर (४०)’ असं उठून आलेलं आहे. याचा अर्थ काय?

रात्री पामरेस्टच्या डाव्या बाजूवर तुमच्या पद्धतीने ब्रश फिरवला. पाणी अक्षरशः चहासारखं झालं! अर्ध्याहून जास्त चमक गेली. उजवीकडचं उद्या करणार.

एक विचारायचं राहिलं होतं. टचपॅडचं खालचं क्लिक बटण हल्ली दाबलं जात नाही, कडक झालंय. आणि पामरेस्टची पुढची कड डावीकडे जरा उचललेली वाटते, तिथे नख आत जातं. हेही प्लास्टिक वाकल्यामुळे का? दाबून बसवू का?

बेलापूर_रिपेअर

मॅडम, दाबू नका. मी बेलापूरला लॅपटॉप दुरुस्ती करतो. पामरेस्ट उचलला गेलाय आणि टचपॅड कडक झालाय, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की आमचा पहिला संशय बॅटरीवर असतो. तुमच्या जातीच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी पामरेस्टच्या बरोबर खाली असते. लिथियमच्या सेलमध्ये गॅस धरून तो फुगला की वरचं पॅनेल ढकलतो आणि टचपॅडला खाली जायला जागाच राहत नाही.

आता चार्जिंगला लावू नका. चालू असेल तर डेटा कॉपी करून बंद करा. रात्रभर गादीवर, सोफ्यावर, कपाटात ठेवू नका. मोकळ्या लादीवर ठेवा, शेजारी कागद-कपडे नकोत. स्क्रू काढता येत असतील तरी फुगलेल्या बॅटरीला स्वतः हात लावू नका. ती चिकटपट्टीने बसवलेली असेल तर उचकटताना सेल वाकतो किंवा भोक पडतं आणि मग आग लागते. ज्याच्याकडे रोजचं काम आहे अशा माणसाकडून काढून घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ओल्या नाही की सुक्या नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती वेगळी गोळा करून पुनर्प्रक्रियेला जायला हवी. दुकानदाराला तो ती कुठे देतो हे विचारा, आणि समाधान झालं तरच त्याच्याकडे ठेवा.

साफसफाई त्यानंतर. मशीन मुलीच्या दप्तरात जाणार आहे म्हणून इतकं ठासून लिहितोय.

साचेवाला

बेलापूरवाल्यांचं आधी ऐका, ब्रश खाली ठेवा. पॅनेल साफ करायला कुठलीही घाई नाही.

तुमच्या खुणेबद्दल : पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, एबीएससोबत मिसळलेलं. पीसीमुळे आपटल्यावर फुटत नाही, एबीएसमुळे साच्यात नीट वाहतं आणि पातळ भिंती भरतात. एफआर म्हणजे सहज पेट घेऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य, आणि ४० हा क्रमांक ते फॉस्फरसवर आधारलेलं, हॅलोजनविरहित असल्याचं सांगतो. तुमच्यापुरता अर्थ असा की अ‍ॅसिटोन इथे दुहेरी घातक : एबीएसचा भाग विरघळतो आणि पीसीचा भाग बारीक चिरांनी पांढरा पडतो. पेट्रोलने पुसायचं कुणी सुचवलं तर तेही नको.

पेंटर_माजिवडा

मी गाड्यांच्या बंपरचं काम करतो, तेही प्लास्टिकच, म्हणून लिहितो. झाकणाचं कोटिंग काढल्यावर डाग उरले आणि रंग द्यावासा वाटला तर : आधी साबणपाणी, मग आयपीए, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर आणि त्यानंतर १०००. प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग मारू नका, नखाने सालपटं निघतील. एक जाड हात देण्यापेक्षा अनेक पातळ हात द्या, मध्ये सुकायला वेळ. स्क्रीन आणि सगळ्या फटी टेपने बंद.

पावसाळ्यात करू नका. दमट हवेत स्प्रेचा रंग दुधाळ पडतो, आमच्या गॅरेजमध्येही आम्ही त्या दिवसांत जपून काम करतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

मेटॅलिक रंग टाळा. वायफायचे अँटेना बहुधा स्क्रीनच्या वर, झाकणाच्या आत असतात आणि रंगातल्या धातूच्या कणांचा त्यांना अडथळा होऊ शकतो. साधा मॅट काळा घ्या. हार्डनर मिसळायचा टू-के पीयू क्लिअर कोट फार टिकाऊ असतो पण तो घरी मारू नका, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट. आम्ही त्यासाठी वेगळा फिल्टरचा मास्क लावतो, कापडी मास्क उपयोगाचा नाही.

आणि पामरेस्ट रंगवू नका. हाताच्या घामाने तिथला घरगुती रंग टिकत नाही, कडेपासून उडतो. तिथे स्किनच बरी.

घणसोली_से५

याच विषयात विचारतो. माझ्याकडे कॉलेजच्या काळातला पांढरा लॅपटॉप आहे, खिडकीकडची बाजू पिवळी पडलीय. ती बाजू सुरुवातीपासून तशीच पिवळी असावी असं वाटतं इतका एकसारखा रंग. हा पण मळ का?

साचेवाला

नाही. ऊन आणि गरमीने प्लास्टिकचा वरचा थर ऑक्सिडाइज झालाय, म्हणून ब्रशने काही होणार नाही. जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या हौशी लोकांनी २००८ च्या सुमारास यावर एक उपाय प्रचलित केला, रेट्रोब्राइट नावाने. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश एकत्र. केसांच्या रंगाबरोबर जे क्रीम डेव्हलपर मिळतं त्यात तेच असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के. भाग पूर्ण सुटा करायचा, धातू आणि स्टिकर काढायचे, क्रीमचा सारखा थर, वर क्लिंग फिल्म, आणि उन्हात ठेवून मधून मधून थर हलवायचा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पिवळेपणा जातो, हे खरं. पण थर कमी-जास्त झाला किंवा फिल्मखाली बुडबुडे राहिले तर ढगासारखे पट्टे उमटतात आणि ते आधीच्या एकसारख्या पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात. शिवाय काही काळाने रंग परत पिवळा होऊ शकतो, अंधारात ठेवलेल्या वस्तूंचाही. तुमचा पिवळेपणा एकसारखा आहे म्हणता, तर मी असतो तर हात लावला नसता. खिडकीतून हलवा एवढंच.

चरईकर

सगळ्यांना कळवते. बॅटरी खरंच फुगली होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने समोर बसवून उघडलं. तीनपैकी डावीकडचा सेल जाड झाला होता. नवी बसवली, टचपॅड लगेच पहिल्यासारखा वाजायला लागला आणि पामरेस्टची कड आपोआप बसली. बेलापूरवाले दादा, तुम्ही वेळेवर लिहिलं नसतंत तर हा तसाच माझ्या भाचीच्या दप्तरात गेला असता. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मग झाकण घेतलं. बाल्कनीत बसून, काकांनी सांगितलं तसं चतुर्थांश-चतुर्थांश. टिश्यू उचलल्यावर डांबर निघावं तसं निघत होतं. खालून गडद करडं, मॅट प्लास्टिक आलंय, इतकं सुरेख की रंगाचा विचारच सोडून दिला. लोगो गेला. कोपऱ्यातले दोन ओरखडे आयपीएने गेले, एक खोच आहे ती राहिली. डिंक खोबरेल तेलाने निघाला.

पामरेस्टवर उजवीकडे अंगठ्याखाली बदामाएवढी चमक उरलीय. तिरप्या उजेडात पाहिलं, तिथे खरंच झिजलंय. भाचीला विचारलं स्किन लावू का, ती म्हणाली नको, हाताला हेच बरं लागतं.

आता शेवटचं. कोटिंग गेल्यावर डाव्या बिजागरीजवळ केसाएवढी एक चीर दिसली, आधी ती झाकलेली होती. झाकण उघडताना तिथे किंचित कुरकुर होते. फेव्हिक्विकचा थेंब सोडू का?

साचेवाला

थांबा, फेव्हिक्विक नको. ते सुकताना आजूबाजूला पांढरी वाफ धरतं, तुमचं आत्ताच मोकळं केलेलं प्लास्टिक पांढुरकं दिसेल. शिवाय तो जोड ठिसूळ असतो आणि बिजागरीला रोज पीळ बसतो.

चीर बाहेर दिसत असली तरी तिचं कारण आत आहे. बिजागरीचे स्क्रू पितळी नटांत बसतात आणि ते नट प्लास्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडायचा सगळा जोर त्या खुंटीवर येतो, खुंटी उलते आणि बाहेर चीर दिसते. म्हणून नुसती चीर भरून उपयोग नाही. ज्यांनी बॅटरी बदलली त्यांच्याकडूनच उघडून घ्या. आधी बिजागरी ढिली करायची. काही बिजागऱ्यांना टोकाला नट असतो, तो पाव आटा सोडला तरी फरक पडतो. मग पितळी नट जागेवर घट्ट आहे का बघायचं. तो हलत असेल तर खुंटीभोवतीचं प्लास्टिक कागदाने खरवडून, आयपीएने पुसून, दोन नळ्यांचं सावकाश सुकणारं इपॉक्सी भरायचं, अ‍ॅराल्डाइटसारखं. पाच मिनिटांत सुकणारं नको, त्याची ताकद कमी असते. २४ तास झाकण हलवायचं नाही. इपॉक्सी नटाच्या आट्यात जाऊ नये म्हणून स्क्रूला मेण लावून आत ठेवायचा, सुकल्यावर तो फिरवून काढता येतो.

तोपर्यंत झाकण कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा. भाचीलाही तेवढं दाखवून द्या.

चरईकर

चालेल काका, शनिवारी नेते त्यांच्याकडे. स्क्रूला मेण लावायचं त्यांना मी सांगेन.